शिंगाचं टोक नको, बूड बघ

गाईचा पांढरा रंग आणि लांब शिंगं दिसली की लोक ‘खिलार’ म्हणून मोकळे होतात. लाल दिसली की साहिवाल, ठिपक्यांची दिसली की गीर, आणि यातलं काहीच जुळलं नाही तर ‘देशी’. हे ‘देशी’ प्रकरण हल्ली फारच बोकाळलंय. दुधाच्या बाटलीवर देशी, तुपाच्या बरणीवर देशी. कुठली देशी, असं विचारलं की विकणारा इकडेतिकडे बघायला लागतो. महाराष्ट्रात नोंद झालेल्या जाती आहेत, त्यांचे मुलूख ठरलेले आहेत, एकीचं काम दुसरीला जमत नाही, आणि आपण सगळ्यांना एकाच पोत्यात भरून वर चिठ्ठी लावून टाकतो.

माझं माहेर उदगीरकडचं, सासर आटपाडीच्या माळावरचं. म्हणजे लहानपण देवणीच्या दावणीला गेलं आणि संसार खिलारच्या. दोन्ही जाती घरच्या असल्यामुळे मी कुणाची बाजू घेत नाही. घेतलीच तर देवणीची घेते; माहेरचं आहे, चालवून घ्या.

सासरी आल्यावर गोठ्यातला खोंड बघून मी म्हटलं होतं, काय सुरेख टोकदार शिंगं आहेत! आमचे मामा (सासरे) हसले. म्हणाले, “आगं पोरी, शिंगाचं टोक काय बघतीस? बूड बघ बूड. टोक माणूस करतो, बूड बापाचं असतं.”

आणि खरंच आहे ते. खोंड लहान असल्यापासून शिंगं साळतात, तासून गुळगुळीत करतात, तेल चोळतात. बाजारात आणताना तर नवरदेवासारखं सजवतात. टोकाला हवा तसा आकार देता येतो, पण शिंग कवटीतून कुठून आणि कसं निघतं ते बदलता येत नाही. खिलारची शिंगं डोक्याच्या माथ्यावरून, एकमेकांच्या जवळ निघतात. बुडाला जाड असतात, आधी मागे जातात आणि मग एका सलग बाकात वर चढतात. कपाळ अरुंद आणि लांब. त्या कपाळाच्या मधोमध, नाकाडापासून शिंगांच्या मधल्या जागेपर्यंत एक खाच जाते. लांबून दिसत नाही, पण जनावर ओळखीचं असेल तर अंगठा फिरवून बघा, लागते. आमच्याकडे खोंड बघायला आलेला जाणता हेडी (गुरांचा दलाल) आधी कपाळावर हात ठेवतो, दात नंतर बघतो.

देवणीचं सगळंच उलट. कपाळ रुंद आणि पुढे आलेलं, शिंगं डोक्याच्या दोन्ही बाजूंनी निघून बाहेर आणि वर वळणारी, मध्यम लांबीची. कान मोठे आणि लोंबते. माझ्या माहेरी पहिल्यांदा आले तेव्हा मामा दावणीसमोर उभे राहून बराच वेळ बघत होते. मग आमच्या दादांना म्हणाले, “पाव्हणं, कान हायेत का केळीची पानं?” दादांनी तिथल्या तिथे परतफेड केली: “तुमच्या गाईला दूध हाय का नुसती शिंगंच?”

दोघांचंही बरोबर होतं. देवणी दुधाची आणि कामाची अशी दोन्ही आहे. एका वेताचं, म्हणजे व्याल्यापासून आटेपर्यंतचं, सरासरी दूध साडेआठशे-नऊशे किलोच्या घरात धरतात. खिलारचं चारशेच्याही आतच. खिलार गाईचं दूध वासराला पुरलं आणि घरच्या चहाला उरलं की झालं, असंच आमच्याकडे समजतात. तिच्याकडून कुणी दुधाची अपेक्षाही ठेवत नाही. तिच्या पोटी खोंड कसा येतो, याच्यावर तिची किंमत.

कातडीवर हात फिरवला की फरक आणखी पक्का कळतो. खिलारची कातडी अंगाला घट्ट बसलेली, बरगडीवर चिमटीत धरायला गेलं तर निसटते. गळ्याची पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी, लहान, आणि नराच्या बेंबीखाली लोंबणारी कातडी जवळजवळ नाहीच. देवणीची कातडी सैल, गळ्याची पोळी भरगच्च घड्यांची, नराची बेंबीखालची कातडीही लोंबती. पळणाऱ्या जनावराला लोंबतं काही परवडत नाही. आटपाडीला वर्षात पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर वर्ष बरं म्हणायचं. तिथे पाण्यासाठी, चाऱ्यासाठी आणि बाजारासाठी लांब चालणारं, झपाझप पाय उचलणारं जनावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडलं. मराठवाड्याच्या काळ्या रानात ओढही हवी आणि घरात दूधही हवं, म्हणून तिकडची निवड वेगळी झाली.

रंगाचं मी मुद्दाम मागे ठेवलंय, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो. खिलार पांढरी असते हे खरं, पण वळू बघाल तर मान, खांदे आणि मागचे पुठ्ठे गडद करडे, तोंडावर करडी-पांढरी झाक. तोच नर खच्ची केला की पुढे बराच उजळतो. मग लोक वळू आणि बैल शेजारी उभे करून ‘या दोन जाती आहेत’ म्हणून वाद घालतात. शिवाय खिलारमध्येच पोटभेद आहेत. आटपाडी महाल आणि म्हसवड हे आमच्या भागातले, तापी खोऱ्यातली तापी खिलार पांढरी, पण तिचं नाक आणि खूर गाजरी. आणि नकली खिलार. नावावरून फसवी वाटते, पण तीही खिलारच. अंग करडं आणि पुढच्या भागावर विटकरी झाक. बाजारात लोक आणखी बारीक बोलतात, कोसा, काजळी वगैरे, आणि त्यावरून भाव वरखाली होतात. ते सगळं रंगाचं कौतुक आहे.

एक खूण मात्र रंगाचीच आहे आणि मला ती फार आवडते. खिलारचं वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या माथ्यावर तांबूस, गंजासारख्या रंगाचा डाग असतो. दोनेक महिन्यांत तो पुसला जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी लाल वळूचं रक्त आलं! आमच्या शेजारी तर यावरून एका गाईच्या चारित्र्यावर पार संशय घेऊन झाला होता.

खिलारची चर्चा शर्यतीशिवाय पुरी होत नाही. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या काळात खोंड जन्मला की घरात सुतकी चेहरे असायचे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाला काम नाही, शर्यत नाही, मग पोसायचा कशाला? शर्यती परत सुरू झाल्या आणि चांगल्या खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक आलं. शर्यत कुणाला आवडो न आवडो, मलाही त्यातलं सगळं आवडत नाही, पण जात टिकण्याशी तिचा संबंध आहे हे नाकारता येत नाही. तोटाही आहे. निवड आता फक्त वेगावर होते. स्वभाव, गाईचं दूध, वेळेवर गाभण राहणं याकडे कोण बघतो?

आता घराण्याची गोष्ट. 1953 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेसाठी जोशी आणि फिलिप्स या दोघांनी भारत-पाकिस्तानातल्या वशिंडाच्या गुरांचा मोठा अभ्यास केला आणि सहा गट पाडले. गट पाडताना मुख्य आधार घेतला तो कपाळाचा, शिंगांचा आणि बांध्याचा. खिलार त्यांत म्हैसूरकडच्या हळ्ळीकर, अमृतमहाल यांच्या गटात बसते: माथ्यावर जवळजवळ निघणारी लांब टोकदार शिंगं. देवणी आणि डांगी गीरच्या गटात: पुढे आलेलं कपाळ, बाजूने निघणारी शिंगं. गवळाऊ तिसऱ्याच घरची, आंध्रच्या ओंगोल जातीच्या नात्यातली, आखूड शिंगांची. एवढं डोक्यात ठेवलं की अर्धं काम होतं. आधी कपाळ आणि शिंगाचं बूड बघून घराणं ठरवायचं, मग कान, कातडी, खूर, आणि रंग सगळ्यात शेवटी.

देवणीवर करून बघा. तिचे तीन प्रकार सांगतात. वानेरा: अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. शेवरा: पांढऱ्यावर काळे वेडेवाकडे ठिपके. बालंक्या: जवळजवळ सगळी पांढरी. रंगावर गेलात तर शेवरा म्हणजे डांगी आणि बालंक्या म्हणजे खिलार किंवा गवळाऊ होऊन बसते. आमच्या दादांची एक बालंक्या होती. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बाहेरगावचे व्यापारी हटकून तिला खिलारचा संकर म्हणायचे. दादा काही न बोलता तिचा कान धरून पुढे करायचे.

देवणीच्या शेजारीच, कंधार-मुखेड-अहमदपूरच्या पट्ट्यात, लाल कंधारी. गडद लाल, सगळीकडे एकसारखी, नर मादीपेक्षा जास्त गडद. चौथ्या शतकात कंधारच्या सोमदेवराय राजाने ही जात जोपासली अशी आख्यायिका तिकडे सांगतात. लाल रंगामुळे हिला साहिवाल किंवा लाल सिंधी म्हणतात, ते का म्हणतात मला कळत नाही. साहिवाल म्हणजे सैल कातडीची, जड पोळीची, भल्या मोठ्या कासेची, आखूड शिंगांची दुभती गाय. लाल कंधारी आटोपशीर, कामाची, मध्यम बाकदार शिंगांची. आणि डोळे बघा. चमकदार डोळे आणि भोवती काळी कड, कुणी बसून काजळ घातल्यासारखी. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारीची रांग उभी असते, तेव्हा लांबून नुसता लाल रंग दिसतो. जवळ गेलं की आधी डोळेच दिसतात.

डांगीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण दुष्काळी भागातल्या माणसाला तिचं अप्रूप वाटतं. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, जव्हार-मोखाडा आणि पलीकडे गुजरातचं डांग हा तिचा मुलूख. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. खिलार तिथे नेऊन बांधली तर पहिल्याच पावसाळ्यात आजारी पडेल. डांगीच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, पाणी अंगावर ठरत नाही. राजूरच्या डांगी प्रदर्शनात मी मालकाला विचारून एका गाईच्या पाठीवरून हात फिरवला, तर बोटांना ओशटपणा लागला. मालक, महादेव कोळी समाजातले म्हातारेबुवा, म्हणाले, “बाई, आमची गाय छत्री घरी ठेवून येते.” मग त्यांनी पाय उचलून खूर दाखवला. काळाभोर, आणि नखाने टकटक केलं तर दगडावर केल्यासारखा आवाज. भाताच्या चिखलात दिवसभर उभं राहायचं आणि खडकाळ घाट चढून परत यायचं, त्याला असाच खूर लागतो. पांढऱ्या खुराचं जनावर डांगी म्हणून कुणी दाखवलं तर मी दुसऱ्यांदा विचारीन.

ठिपक्यांची देवणी आणि ठिपक्यांची डांगी यांच्यात गोंधळ झाला तर कान सोडवतो. डांगीचे कान लहान, डोकं लहान, शिंगं आखूड आणि जाड, नाकाड मोठं. ठिपके काळेही असतात आणि लालही. देवणीत लाल ठिपके दिसले तर शंका घ्या. डांगीची चाल संथ, पण थांबत नाही. वेगाची हौस असणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

गवळाऊ वर्ध्याची. आर्वी, आष्टी, कारंजा, आणि तिथून नागपूर, बालाघाट, छिंदवाड्यापर्यंत. पांढरी, नराच्या मानेवर-वशिंडावर करडी छटा. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगराळ मुलखातून झपाट्याने न्यायला ही जात तयार झाली, असं तिच्याबद्दल लिहिलेलं सापडतं, आणि बांधा बघता ते पटतं: हलकी, निमुळती, लांब चेहऱ्याची. तिचे डोळे बदामी आणि किंचित तिरके. शिंगं आखूड, बोथट टोकांची. त्यामुळे खिलारशी तुलना करायचं खरं तर कारणच नाही, शिंगावरच निकाल लागतो. खरी गल्लत ओंगोलशी होते, आणि तिथे वजन बघायचं. ओंगोल भारदस्त, गवळाऊ त्याच घरातली सडपातळ बहीण. नंद गवळी समाजाने ती सांभाळली. गांधीजी वर्ध्याला होते तेव्हा जमनालाल बजाजांनी आयुष्याच्या शेवटच्या काळात, 1941 मध्ये, गोसेवा संघाचं काम हाती घेतलं. तेव्हाही मुद्दा हाच होता की आधी आपल्या भागातली गाय सुधारा.

कोकण कपिला आणि कठाणी या दोन्ही मी फार जवळून पाहिलेल्या नाहीत, म्हणून थोडक्यात. कोकण कपिला लहानखुरी, सरळ शिंगांची, डोंगरउतारावर मोकळी चरणारी. नाव कपिला असलं तरी तांबूस, काळी, पांढरी अशा सगळ्या रंगांत येते. कठाणी गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या भातपट्ट्यातली, तीही लहान. या दोघींना परवापरवापर्यंत कागदोपत्री ‘गावठी’ म्हणत. कोकणातली जनावरं दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी मोजली, खुणा लिहून काढल्या आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे नोंद झाली, तेव्हा ती जात झाली. गाय तीच होती, तिच्याकडे नीट बघितलं गेलं इतकंच.

आता माझी खरी तक्रार. संकर म्हटलं की सगळे जर्सी-होल्स्टीनला शिव्या देतात. पण तो संकर ओळखायला सोपा आहे. वशिंड सपाट होतं, पोळी जाते, जर्सीचा असेल तर काळ्या नाकाभोवती पांढुरकी कड आणि मधे दबलेला चेहरा दिसतो. न ओळखता येणारा संकर देशी-देशीचा आहे. गीरचं दूध एका वेताला दोन हजार किलोच्या पुढे, म्हणून आता खिलारला गीर, देवणीला गीर, कंधारीलाही गीर. वासरू ‘देशीच’ असतं, म्हणून मालक खूश. खिलारच्या लांब तोंडावर लोंबते कान येतात, कपाळाची खाच बुजते, कातडी सैल पडते. देवणीचं तर आणखी अवघड, कारण घराणं एकच. तिथे कानाचं टोक बघावं: गीरचा कान गुंडाळलेल्या पानासारखा वळलेला आणि टोकाशी खाच असलेला असतो, शिंगंही आधी खाली-मागे जाऊन मग वळतात.

यावर कुणीतरी म्हणेल, देवणी तरी कुठे आभाळातून पडली? गीर, डांगी आणि तिथली गावरान यांच्या मिश्रणातूनच झाली ना? आणि मध्य प्रदेशातल्या निमाडची लाल-पांढरी निमारी तर गीर आणि खिलारचीच लेक. मान्य. पण ती मिश्रणं एका मुलखात, एका कामासाठी, माणसांच्या कित्येक पिढ्या निवड करत राहिल्यावर स्थिरावली. आजचा गीरचा वळू पुढच्या वेताच्या दुधासाठी आहे. त्या वासराला पुढे कोणता वळू दाखवायचा, हे मालकाने ठरवलेलंच नसतं. आमच्या गावात दोन दावणी अशा आहेत की तीन पिढ्यांत खिलार, गीर आणि मग साहिवाल. मधल्या कालवडीला ना शर्यतीच्या खोंडाची आई म्हणून भाव, ना गीरसारखं दूध.

म्हणून डॉक्टर कृत्रिम रेतन करायला आले की मी कोणत्या वळूचं ते विचारते आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी नंबर घालून वहीत लिहून ठेवते. शेजारी हसतात. हसू देत. बिल्ल्याच्या नोंदीत जातीच्या रकान्यात काय भरलंय तेही एकदा वाचून बघा. घाईत काहीही भरलेलं असू शकतं.

मोजणंही अवघड नाही. शिंप्याची टेप पुरते. वशिंडाच्या मागून जमिनीपर्यंत उंची, खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर, कानाची लांबी, आणि दोन शिंगांच्या बुडांमधलं अंतर. जनावर सपाट जागी, चारही पायांवर सारखं उभं हवं. वय दाताने लिहायचं: आदत (अजून दुधाचेच दात), दोन दाती, चार दाती, जुळलेला (सगळे पक्के दात आलेला). आदत खोंडाची जुळलेल्या बैलाशी तुलना करून काही हाती लागत नाही. मादीची मादीशी, वळूची वळूशी.

फोटो काढून कुणाला विचारणार असाल तर तीन काढा: एक पूर्ण बाजूने, एक समोरून कपाळाच्या उंचीवर फोन धरून, एक खुरांचा. वरून काढलेल्या फोटोत प्रत्येक कपाळ फुगीर दिसतं. आणि बेंदराच्या नाहीतर पोळ्याच्या आठवड्यात काढू नका. शिंगांना रंग, अंगावर हिंगूळ, कपाळावर बाशिंग. मग मीही सांगू शकत नाही ती कोण आहे.